५१ ची डॉज किंग्सवे, मॅटाडोरचं इंजिन संपत आलंय, आता कुठलं बसवू?

कसब्याची_डॉज:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९५१ ची डॉज किंग्सवे आहे, कुर्ल्याला प्रीमियरने असेंबल केलेली. आजोबांनी सेकंडहॅंड घेतली आणि ऐंशीच्या दशकात काकांनी तिचं छत कापून ओपन केली, मागची सीट उंच केली, बाजूला पायऱ्या लावल्या आणि मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढून टेम्पो मॅटाडोरचं डिझेल बसवलं. त्या काळी मोठ्या अमेरिकन गाड्यांना सगळे हेच करायचे, पेट्रोल परवडायचंच नाही. आरसीवर डिझेल आणि तो इंजिन नंबर काकांनी तेव्हाच चढवून घेतलाय, पासिंग पण चालू आहे. गियरबॉक्स मात्र अजून डॉजचाच, तीन गियरचा, स्टिअरिंगवर हॅंड गियर.

गाडीचं काम काय तर घरातली आणि मित्रांची लग्नं, वरात, गणपतीत मंडळाची मिरवणूक, आणि वर्षातून एखाद-दोन वेळा वाईला देवीला. भाड्याने देत नाही, आधीच सांगतो.

आता प्रॉब्लेम. इंजिन चालू असताना डिपस्टिक वर ओढली की भोकातून फकफक धूर येतो, तेलाचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवलं तर ते नाचायला लागतं. सकाळी स्टार्ट करायला हीटर दोन-दोनदा द्यावा लागतो. हेड गॅस्केट मागे उडालं होतं ते बदललं, परत पाणी खायला लागलंय. आणि मिरवणुकीत तर अर्ध्या तासात काटा लाल, मग बँडवाले पुढे आणि आम्ही बॉनेट उघडून बाटलीने पाणी ओततोय. ज्यांच्याकडे आधी गाडीचं काम करून घ्यायचो ते म्हणाले हे फेकून द्या, क्वालिसचं टाका. दुसरे म्हणतात कॉन्टेसाचं इसुझू पेट्रोल टाका, गाडी पळेल. एका मित्राचं म्हणणं टोयोटाचं सहा सिलिंडर जेझेड आणू. बजेट गियरबॉक्स धरून अडीच लाख. मला गाडी पळवायची नाहीये, पण वरातीत नवरानवरी बसलेले असताना बंद पडायला नको एवढं नक्की. कुठलं घेऊ?

भोसरी_लेथ:
दादा, इंजिन कुठलं हे नंतर बघू, आधी ती गरम का होतीये ते बघा, नाहीतर नवीन इंजिन पण तिथेच उकळेल. दोन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तुमच्याकडे मला दोन्ही दिसतायत.

पहिलं, थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि कोणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. लगेच बुडबुडे यायला लागले, पाणी गरम व्हायच्या पण आधी, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. म्हणजे गॅस्केट तरी गेलंय, हेड वाकलंय नाहीतर तडा आहे. हेड सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तपासून घ्या. नुसतं गॅस्केट बदलून हेड तसंच बसवलं असेल तर परत उडणारच, त्यात गॅस्केटची काय चूक.

दुसरं कारण हवा. फॅन अजून इंजिनच्या पुलीवरच आहे ना? आयडलिंगला पुली सात-आठशेने फिरते, गाडी जागेवर उभी असल्यासारखी, समोरून वारा नाही, मागे शंभर माणसं नाचतायत. त्या वेगाला तो फॅन हवा ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. मिरवणुकीच्या गाडीला इलेक्ट्रिक फॅन पाहिजे, तो पण शराउडसकट (फॅनभोवतीचं कव्हर), म्हणजे हवा पूर्ण कोअरमधून ओढली जाते, नुसत्या मधल्या गोल भागातून नाही. रेडिएटर डॉजचाच असेल तर कोअर नवीन भरून घ्या, नाना पेठेत अजून करून देतात. अल्टरनेटर मोठा लागेल, कारण आयडलिंगला फॅन आणि लाइटिंग दोन्ही ओढायचंय.

आता इंजिनचं खरं दुखणं किती ते कम्प्रेशन गेज लावल्याशिवाय सांगू नये कोणी. ओएम ६१६ असेल तुमचं, मर्सिडीजचं २.४ लिटर, जे बजाज टेम्पोने आपल्या आकुर्डीत बनवलं. चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजा, आकडा १५ बारच्या खाली किंवा सिलिंडर-सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर खोलावं लागेल. मोजायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, सेट करा, थंड इंजिनला इनलेट ०.१० एमएम आणि एक्झॉस्ट ०.३०. टॅपेट टाइट राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कम्प्रेशन कमी दाखवतं आणि सकाळचं स्टार्टिंग पण जड होतं. पण झाकण नाचतंय म्हणताय तर रिंगा आणि बोअर गेलाय हे जवळजवळ धरूनच चाला.

टर्बो_तात्या:
माझं मत स्पष्ट आहे, जेझेडच्या नादाला लागू नका. मला स्वतःला ती इंजिनं प्रचंड आवडतात पण तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम, एकच सर्किटचा मास्टर सिलिंडर, बूस्टर नाही आणि वरून छत कापलेलं. त्या मागच्या अॅक्सलने आयुष्यभर शंभरच्या आतच एचपी बघितलेत. अडीच लाखात इंजिन येईलही एखादं पण मग ब्रेक, अॅक्सल, चासीला आडवे सपोर्ट हे सगळं कोण करणार. आणि खंबाटकी घाट उतरताना ब्रेकच कामाला येतात.

राजगुरुनगरची_रेवा:
कागदांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते, कारण इथेच लोक अडकतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हे स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे आता आरटीओत क्वालिसचं इंजिन घेऊन गेलात आणि म्हणालात की हे डॉजमध्ये चढवा, तर तुमच्या काकांच्या वेळी जसं झालं तसं होणार नाही. तुमच्या बाजूने एकच मोठी गोष्ट आहे, डिझेल आणि तो इंजिन नंबर आधीच आरसीवर आहे. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन बसवलंत तर तुम्ही फक्त नंबर बदलून मागताय, फ्युएल बदलत नाही, सीसी बदलत नाही. हा अर्ज समजावून सांगणं कितीतरी सोपं. आणि परवानगी आधी, फिटिंग नंतर. संगम पुलाजवळच्या आरटीओ ऑफिसला गाडी न्यायच्या आधी नुसते कागद घेऊन जा आणि लेखी अर्ज देऊन इन्वर्ड नंबर घ्या.

कॉन्टेसाचं पेट्रोल टाकलं तर डिझेलचं पेट्रोल, म्हणजे फ्युएल पण बदललं आणि मेक पण, सगळ्यात अवघड केस. न चढवता फिरलात तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी इंजिन नंबर बघतात, आणि तुमच्या गाडीच्या पुढे-मागे माणसं चालत असतात हे विसरू नका.

अजून एक, कोणीतरी सांगेल की व्हिंटेजमध्ये रजिस्टर करा. जुलै २०२१ च्या नियमाने ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनला २०,००० फी, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. तुमचं छतच कापलंय. आणि व्हीए नंबरवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. देवीला जायचं म्हटलं तर ते त्यात बसणार नाही. तो विचार सोडून द्या.

कसब्याची_डॉज:
रेवाताई खूप आभार, हे कोणीच सांगितलं नव्हतं. भोसरीदादा, बुडबुड्यांची टेस्ट आज सकाळीच केली, स्टार्ट मारल्या मारल्या उकळल्यासारखे बुडबुडे. आणि इंजिनच्या प्लेटवर ६१६ च आहे. फॅन पुलीवरच आहे, पत्र्याचा, चार पात्यांचा, शराउड नाहीच.

मग क्वालिस बाद धरू का? एक जण तर सेट बघून ठेवतो म्हणालाय.

भोसरी_लेथ:
बाद धरा. क्वालिसचं टूएल वाईट इंजिन नाही, २४४६ सीसी, ७५ एचपी, लाखो किलोमीटर पळालेत लोक. पण ते तुमच्या इंजिनपेक्षा असं काय मोठं जास्त देतंय? तेवढ्याच सीसीचं, तेवढ्याच ताकदीच्या आसपासचं. त्याच्यासाठी माउंटिंग नवीन, अॅडाप्टर प्लेट (इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारी) नवीन, सायलेन्सरचा पाइप नवीन, आणि ओव्हरहीट झालं की त्याचं हेड लगेच दगा देतं, तुमच्या वापरात नेमकं तेच होणार. शिवाय टायमिंग बेल्ट आहे, सेकंडहॅंड इंजिनला पहिल्या दिवशीच बदलायचा. तुमच्याला चेन आहे.

मूळ_सहा:
मी थोडं वेगळं सांगतो, कारण मला ही गाडी कापलेली असली तरी डॉज म्हणून दिसते आणि तिच्यात मूळ फ्लॅटहेड सिक्स (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेलं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन) परत बसवता येऊ शकतं हे कोणीतरी बोललं पाहिजे.

त्या इंजिनचं वय बघू नका. ३.६ लिटर, ९७ एचपी, पण महत्त्वाचं म्हणजे टॉर्क १२०० आरपीएमलाच पूर्ण येतो. टॉप गियरमध्ये सायकलच्या वेगाने चालवा आणि नुसता पाय दाबा, कुरकुर न करता उचलते. आवाज असा की बॅंडवाल्यांना दिसतं गाडी चालू आहे, ऐकू येत नाही. कम्प्रेशन रेशो सातच्या आसपास, त्यामुळे साधं पेट्रोल चालतं. हेच इंजिन कुटुंब प्लिमथ, डिसोटो, फार्गो ट्रकमध्ये होतं म्हणून स्पेअर अगदीच अशक्य नाहीत. फक्त घेताना हेडची लांबी मोजा, २३ इंची आणि २५ इंची असे दोन ब्लॉक येतात आणि त्यांचे पार्ट एकमेकांना लागत नाहीत. तुमच्या गियरबॉक्सला अॅडाप्टर प्लेटच लागणार नाही, हॅंड गियर जसाच्या तसा.

त्रास पण सांगतो. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि रबराचे पाइप त्यात टिकत नाहीत, बदलून घ्यावे लागतात. एप्रिल-मेमध्ये मिरवणुकीत व्हेपर लॉक (पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) होऊ शकतो. लिटरला सहा-सातच्या पुढे अपेक्षा नको. आणि चांगलं इंजिन मिळालं तरी पिस्टन, रिंगा, बेअरिंगसाठी बाहेरून मागवावं लागेल, अडीच लाखात बसणं कठीण. रेवाताई, कंपनीचं मूळ इंजिन परत बसवणं कलम ५२ च्या शब्दांना उलट जवळचं नाही का?

राजगुरुनगरची_रेवा:
बरोबर आहे, शब्दांच्या हिशोबाने तो मुद्दा मांडता येईल. पण आज आरसीवर डिझेल आहे, त्यामुळे फ्युएल बदल येणारच आणि मूळ इंजिन पेट्रोलच होतं याचा पुरावा तुम्हाला द्यावा लागेल. काकांकडे जुनं आरसी बुक असेल, त्यावर जुना इंजिन नंबर असेल तर जपून ठेवा. आज नाही तर पुढे कधी मूळ इंजिन मिळालं तर तेच पान कामाला येईल.

औंध_ईव्ही:
मिरवणुकीचाच वापर असेल तर इलेक्ट्रिक का नाही? दोन किलोमीटरच्या वेगाला मोटर सगळ्यात चांगली, गरम होत नाही, क्लच जळत नाही.

राजगुरुनगरची_रेवा:
वापर बघता कल्पना चांगली आहे, पण किटला गाडीच्या मॉडेलनुसार टाइप अप्रूव्हल लागतं, एआरएआयसारख्या संस्थेकडून. एका ५१ च्या डॉजसाठी कोण करून घेणार? वाईला जाऊन यायला बॅटरी पण मोठी लागेल.

घाटमाथा_जीप:
उशिरा आलो पण एक गोष्ट सगळ्यांकडून सुटतीये. तो औंधवाला भाऊ क्लचचं बोलला ना, खरं दुखणं तिथे आहे. तुमच्या गाडीत इंजिनएवढाच गियरबॉक्स चुकीचा आहे, वरातीसाठी म्हणतोय मी.

हिशोब करून बघा. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, प्रॉपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा, दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा, पावणेचारच्या ते चारच्या मध्ये यावं. ३.९ धरू. डॉजच्या तीन गियरच्या बॉक्सचा पहिला गियर अडीचच्या जरा वर असतो. दोन्ही गुणले की साधारण १०. इंजिन ७०० वर, म्हणजे चाक मिनिटाला ७० फेरे, टायरचा घेर २.२ मीटर धरला तर १५४ मीटर, तासाला नऊ किलोमीटरच्या वर. पहिल्या गियरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवर न ठेवता! वरात चालते दोन-तीनने. म्हणजे अख्खी मिरवणूक तुम्ही हाफ क्लचवर काढताय, इंजिनवर जोर, क्लच प्लेट जळतीये, गरम व्हायला ते पण एक कारण.

मॅटाडोर फ्रंट व्हील ड्राइव्ह होती म्हणून काकांना तिचा गियरबॉक्स वापरता आला नाही, लेथवर प्लेट बनवून डॉजचाच जोडावा लागला. पण टेम्पो ट्रॅक्समध्ये हेच ६१६ असतं आणि ती रिअर व्हील ड्राइव्ह आहे. ट्रॅक्सचं इंजिन आणि गियरबॉक्स अख्खा सेट घ्या. त्याचा पहिला गियर चारच्या आसपास निघाला तर तोच हिशोब सहा किलोमीटरवर येतो. नऊ आणि सहात क्लचला जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण थोडं सोडून थोडं दाबून चालवता येतं, सतत दाबून नाही. पाचवा गियर असलेला मिळाला तर हायवेला पण इंजिन शांत. आरसीवर गियरबॉक्सचा नंबर नसतो, त्यामुळे कागद फक्त इंजिनचेच. ट्रॅक्सच्या बऱ्याच अल्टरनेटरला मागे व्हॅक्यूम पंप असतो, डिझेलला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून. तो आला की ब्रेक बूस्टर लावता येईल, छोटी गोष्ट नाही ही.

जाणार काय तर हॅंड गियर. लिव्हर खाली येईल, पुढच्या सीटवर मधला माणूस अवघडून बसेल.

मूळ_सहा:
हिशोब पटला. माझं मन फ्लॅटहेडकडेच ओढतं पण तीन गियरला वरातीत हाच त्रास पेट्रोललाही होणार, फक्त कमी. ट्रॅक्सचा सेट घ्या, पण डॉजचा बॉक्स, ती अॅडाप्टर प्लेट आणि कॉलमची लिंकेज भंगारात देऊ नका. ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवा.

भोसरी_लेथ:
माझी पण ट्रॅक्सच्या सेटला सहमती. सेट घेताना संप (इंजिनखालची तेलाची टाकी) काढून बघू द्या म्हणावं. ट्रॅक्सचा संप आणि तुमच्या चासीचा क्रॉसमेंबर (आडवी पट्टी), स्टिअरिंगचा रॉड यांचं जमतं का ते इंजिन खाली उतरवायच्या आधीच मापून बघा, नाही जमलं तर तुमच्या जुन्या इंजिनचा संप आणि ऑइल पंपाचं पिकअप त्याला लागतं का बघायचं. प्रॉपेलर शाफ्ट कापून नवीन लांबीला वेल्ड करावा लागेल, तो बॅलन्स करूनच बसवा. आणि शाफ्टचे दोन्ही जॉइंट एकाच कोनात यायला पाहिजेत, इंजिन मागे झुकवून बसवलं आणि अॅक्सल सरळ राहिला की ऐंशीला गाडी थरथरते आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात. छत कापलेलं आहे म्हणून गियरबॉक्सचा क्रॉसमेंबर जाड घ्या, बोल्ट करा, वेल्ड नको, पुढे क्लचचं काम निघालं की काढता येतो.

कसब्याची_डॉज:
ठरलं. काल काकांना हे सगळं वाचून दाखवलं, हॅंड गियर जाणार म्हटल्यावर पाच मिनिटं बोललेच नाहीत, मग म्हणाले नवरीला खाली उतरवून गाडी ढकलण्यापेक्षा बरं. जुनं आरसी बुक त्यांच्याकडे आहे, मूळ इंजिन नंबर आहे त्यावर, झेरॉक्स आणि फोटो काढून ठेवले. खडूची रेघ मारून मोजलं, चारला थोडं कमी आलं. आधी रेडिएटरचा कोअर आणि इलेक्ट्रिक फॅन करून घेतो, तोपर्यंत आरटीओत अर्ज. सेटसाठी कुदळवाडीला आणि नाना पेठेत दोन-तीन जणांना सांगून ठेवलंय. तुळशीच्या लग्नानंतर पहिली वरात आहे, घाई करणार नाही, नाही झालं तर त्या लग्नाला घोडा.

राजगुरुनगरची_रेवा:
सेट घेताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, ज्या ट्रॅक्समधून काढलाय तिच्या आरसीची झेरॉक्स मागा आणि ती गाडी चोरीची नाही ना हे एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंदणी विभाग) वाहन समन्वय साइटवर आधी तपासा. ब्लॉकवरचा नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असू दे, उचलू नका. आणि जुनं इंजिन विकायचं असेल तर नवीन नंबर आरसीवर चढेपर्यंत थांबा.